८५० वॅट पुरतात, आधी भिंतीतली लाईट मोजा

प्रश्न खानापूरहून आलाय, आणि थोडक्यात असा आहे. रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड घालून गेमिंगसाठी नवा पीसी जुळवायचाय. बेळगावातला एक दुकानदार म्हणतो, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) हजार वॅटचा ब्राँझ घे, जुना माल आहे, स्वस्तात लावतो. पुण्याचा मित्र म्हणतो, बाराशेचा प्लॅटिनम घेऊन टाक, पुढं कटकट नको. (ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचे चढते दर्जे.) घरी ११०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे. तर एसएमपीएस कुठला घ्यावा?

दोघांचंही ऐकू नका. चांगल्या कंपनीचा ८५० वॅटचा, गोल्ड, आणि खोक्यावर एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं स्टँडर्ड, त्याबद्दल पुढं) असं स्पष्ट छापलेला घ्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पंचवीसएक वर्षं मी बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, आणि माझ्या टेबलावर जे एसएमपीएस मरून आले त्यात वॅट कमी पडले म्हणून मेलेले अगदी थोडे. बाकीच्यांना मारलं ते भिंतीतून येणाऱ्या लाईटनं, नाहीतर मालकाच्या हातानं. म्हणून वॅटचा हिशेब आधी उरकून टाकतो.

५०८० कार्ड ३६० वॅट खातं. ९८००एक्स३डी प्रोसेसरवर टीडीपी (किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा आकडा) १२० वॅट लिहिलाय, पण तो १६२ वॅटपर्यंत जाऊ शकतो. गेममध्ये मात्र शंभरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून खालीच खेळतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, कूलरचा पंप आणि ते लुकलुकणारे दिवे मिळून साठ-सत्तर धरा. सगळं एकाच वेळी टोकाला गेलं तरी ५९०, रोजच्या खेळात ५२०-५३०. एनव्हिडिया स्वतः ५०८० साठी ८५० सुचवते, आणि त्यात काही दुकानदारी नाही. हाच प्रश्न ५०९० चा असता, तर ते कार्ड एकटं ५७५ वॅटचं आहे, मग हजाराच्या खाली उतरू नका म्हटलं असतं. तुमचं तसं नाही.

आता कोणी म्हणेल, ५३० लागतात तर साडेसहाशेचा का नको? कारण कार्डाची भूक सरासरीनं चालत नाही. स्फोट झाला, अख्खा पडदा एकदम बदलला, की कार्ड मिलिसेकंदाच्या आत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त खेचून परत खाली येतं. साध्या वॅटमीटरवर हे दिसतसुद्धा नाही. २०२० साली ३०८० आणि ३०९० आल्या, तेव्हा आम्ही हे चांगलंच अनुभवलं. गिऱ्हाईक यायचं, "अण्णा, गेम रंगात आला की पीसी धाडकन बंद पडूलालाय." मी टेबलावर तासभर टेस्ट चालवायचो, काही नाही. घरी नेला की पुन्हा तेच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ लिहून येतं. लोक त्या ४१ वर रात्र-रात्र वाचत बसतात. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता गेलं. कोणी मारलं हे तो सांगत नाही. मारणारा होता एसएमपीएसमधलाच पहारेकरी. झटका आला, त्याला वाटलं कुठंतरी शॉर्ट झालं, त्यानं दार लावून घेतलं. एसएमपीएस चांगला होता म्हणूनच बंद पडला. हलका असता तर बंद न पडता जळाला असता.

यावर उपाय म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवं स्टँडर्ड आलं, ३.१ ही त्याचीच पुढची आवृत्ती. त्यात अट अशी, की मोठ्या कार्डांसाठी बनवलेल्या एसएमपीएसनं स्वतःच्या आकड्याच्या दुप्पट झटका शंभर मायक्रोसेकंद सोसलाच पाहिजे. म्हणजे तुमच्या ८५० वाल्यानं सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरते १७०० वॅट द्यायचे आणि हूं की चूं करायचं नाही. दुकानदाराचा जुना हजारवाला कदाचित हेही करेल. पण करेल असं त्यावर कुणी लिहून दिलेलं नाही. शिवाय नव्या कार्डाचा १६ पिनांचा प्लग त्यात नसणार, मग कार्डासोबत आलेला तीन शेपटांचा अडॅप्टर लावा, त्या वायरी कॅबिनेटच्या काचेमागे कोंबा. स्वस्तात हवा कशाला असला?

बाराशे प्लॅटिनमचंही बघू. गोल्ड आणि प्लॅटिनममध्ये फरक दोनेक टक्क्यांचा. ५३० वॅटच्या लोडवर भिंतीतून बारा वॅटचा. रोज चार तास खेळलात तर महिन्याला दीड युनिट. त्यासाठी चार-पाच हजार जादा घालवलेत, तर ते तुमची मुलं वसूल करतील. आणि ते ८० प्लसचं लेबल फक्त किती वीज वाया जाते तेवढंच सांगतं. व्होल्टेज किती स्थिर राहतं, आतलं संरक्षण कसं आहे, झटका सोसतो का, हे त्यात येत नाही. चाचणीही थंड, तेवीस डिग्रीच्या आसपासच्या खोलीतली. एप्रिलमध्ये अथणीला पत्र्याखाली बसून बघा म्हणावं. तरी मी गोल्ड का म्हणतो? कारण गोल्ड गाठायला कंपनीला आतली रचना जरा बरी करावीच लागते, एवढंच. सायबेनेटिक्स नावाची सायप्रसची एक प्रयोगशाळा आहे, ती कार्यक्षमतेबरोबर पंख्याचा आवाजही मोजून शिक्का देते. तो शिक्का असला तर माझा त्यावर जास्त भरोसा.

युनिटवरून आठवलं. तुमचा पीसी आणि मॉनिटर मिळून सहाशे वॅट, रोज चार तास, म्हणजे महिन्याला सत्तरच्या वर युनिट. घरात गृहज्योतीचं (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) शून्य बिल येत असेल तर हे आधी वडिलांच्या कानावर घाला. ऑगस्ट २०२३ पासून ते शून्य बिल मिळतंय, ते घराच्या जुन्या सरासरीवर साधारण दहा टक्के एवढ्याच हद्दीत. आणि दोनशे युनिटच्या वर गेलात की सगळंच बिल भरायचं. टिळकवाडीतल्या एका घरात पोरानं नवा पीसी आणला, दुसऱ्या महिन्यात बिल आलं, आणि ते गृहस्थ बिल घेऊन माझ्याच दुकानात भांडायला. मी काय करणार?

आता मूळ मुद्दा. आपल्या भागात लाईट सगळीकडं एकसारखी नाही. वडगाव-खासबागला यंत्रमाग, उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथ, चिकोडी-रायबागकडं उसाचे पंप, आणि तुमच्या खानापूरच्या पश्चिमेला झाडीतून आलेल्या लांबच लांब तारा. पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसतं, रात्री ते थांबले की चढतं. टीसीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) घर असेल तर चढलेलं जास्त मिळतं, लायनीच्या शेवटाला असेल तर बसलेलं. (आपण टीसी म्हणतो, पलीकडं कोल्हापूरचे लोक डीपी म्हणतात. एकदा फोनवर एका कागलच्या माणसाशी अर्धा तास यावरच घोळ झाला.) म्हणून एसएमपीएस ऑर्डर करण्याआधी काही शेकड्यांत मिळणारा, प्लगमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर आणा. पीसी ठेवणार त्या खोलीत आठवडाभर लावून ठेवा. सकाळी सात, संध्याकाळी सात, रात्री बारा, आणि मध्येच जाग आली तर पहाटे तीन. आकडे वहीत लिहा.

कमी व्होल्टेजला घाबरू नका. चांगल्या एसएमपीएसवर १००-२४० लिहिलेलं असतं आणि ते खरं असतं. १७० आले तरी तो चालतो, फक्त भिंतीतून करंट जास्त ओढतो. २३० वर अडीच-पावणेतीन अँपियर, तर १७० वर साडेतीन. हे सहा अँपियरच्या चांगल्या पॉइंटलाही जड नाही. जड जातं ते बाजारात मिळणाऱ्या पातळ वायरीच्या एक्स्टेंशन बोर्डाला. त्याच बोर्डावर पीसी, मॉनिटर, राउटर, मोबाइल आणि हिवाळ्यात पाण्याचं हीटर! मी असा एक बोर्ड उघडला होता. आतली पितळेची पट्टी निळी पडलेली, प्लास्टिक तिच्यावर साखरेच्या पाकासारखं ओघळलेलं. पीसी थेट भिंतीच्या पॉइंटवर घ्या.

आणि स्टॅबिलायझर नको. लोकांना फ्रिजची सवय, म्हणून पीसीलाही लावतात. त्यात रिले (आपोआप उघडबंद होणारा स्विच) असतो, व्होल्टेज हललं की तो टक-टक करत टॅप बदलतो, आणि प्रत्येक टक-टकला क्षणभर पुरवठा तुटतो. एसएमपीएस स्वतःच स्टॅबिलायझरचं काम करतो. त्याच्यापुढं दुसरा बसवून त्याला उगाच ठेचा लावायच्या.

जास्त व्होल्टेज मात्र मारतं. जरा आत शिरून सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळेल. २३० व्होल्ट हा एक प्रकारे सरासरी आकडा. लाटेचा शेंडा ३२५ व्होल्टचा असतो. चांगला एसएमपीएस आत आल्या आल्या ती लाट उचलून ३८०-३९० व्होल्टच्या डीसीवर नेतो आणि एका जाडजूड कॅपॅसिटरमध्ये साठवतो. या उचलण्याला अॅक्टिव्ह पीएफसी म्हणतात. तो कॅपॅसिटर ४००, फार तर ४२० किंवा ४५० व्होल्टचा असतो. आता तुमच्याकडं रात्री २७० आले, तर शेंडाच ३८२ झाला. उचलायला जागा राहिली नाही, आणि कॅपॅसिटर हद्दीला टेकला. साधारण २६४ पर्यंतची हमी असते, त्यापुढं तुमचं नशीब. लगेच जळेल असं नाही. पण वर्षभर रोज रात्री असं झालं, तर कॅपॅसिटरचं डोकं फुगतं आणि एका सकाळी बटण दाबलं की काहीच होत नाही.

याहून वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. काही वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात खानापूर तालुक्यातल्या एका गावात फांदी तारांवर पडली. नेमका न्यूट्रल तुटला, फेज शाबूत. अशा वेळी घराघरांत २३० च्या जागी कुठं शंभर तर कुठं चारशेच्या जवळ व्होल्टेज जातं, शेजाऱ्याकडं काय काय चालू आहे त्यावर अवलंबून. बल्ब पांढरेफट्ट झाले आणि फुटले, असं लोक सांगत होते. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं तीन पीसी, दोन टीव्ही आणि फ्रिजचा एक बोर्ड आला. त्यातला एक एसएमपीएस मी उघडला. फ्यूजची काच आतून काळी आरसा झालेली. बटणाएवढी निळी चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात, झटका स्वतःवर घेणं हेच तिचं काम. ती मधोमध फुटून दोन शिंपल्यांसारखी उभी होती. पण तिच्यामागचं बाकी सगळं शाबूत! मदरबोर्ड, कार्ड, हार्ड डिस्क, काहीच गेलं नव्हतं. दुसरा पीसी होता सहाशे-सातशे रुपयांच्या, नुसतं नाव लावलेल्या 'पाचशे वॅट'च्या डब्यावर. त्याच्या बोर्डावर एमओव्हीची जागा छापलेली होती, चकती नव्हती. फिल्टरच्या कॉइलच्या जागी नुसत्या वायरीचा तुकडा टाकलेला. त्या बिचाऱ्याचा मदरबोर्डही गेला आणि हार्ड डिस्कही. पैसा कुठं जातो म्हणून विचारतात ना, तो असल्या दिसत नसलेल्या चकत्यांत जातो.

तरीही एमओव्हीच्या भरवशावर बसू नका. मीटरच्या बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. वरची हद्द २६० ला लावा, खालची १७० ला, आणि लाईट परत आल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून जोडणारा घ्या. पीसीच नाही, घरातला फ्रिजही वाचतो. बाराशे प्लॅटिनमसाठी काढून ठेवलेले जादा पैसे इथं घाला.

आता तुमचा इन्व्हर्टर. इथं एटीएक्स ३.१ ची एक गोष्ट बघायला हवी, जी कोणी सांगत नाही. लाईट गेली की एसएमपीएस त्या जाड कॅपॅसिटरमधल्या साठ्यावर काही मिलिसेकंद तग धरतो. याला होल्डअप टाइम म्हणतात. ३.० मध्ये पूर्ण लोडला १७ मिलिसेकंदांची अपेक्षा होती, ३.१ मध्ये ती ढिली करून पूर्ण लोडला १२ आणि ८० टक्के लोडला १७ केली. म्हणजे या बाबतीत नवं स्टँडर्ड जरा मागे आलंय. पण लोड कमी असेल तर तोच साठा जास्त पुरतो. ८५० चे ८० टक्के म्हणजे ६८० वॅटला १७. तुम्ही ५३० ओढत असाल तर ढोबळमानानं वीस-बावीस. साडेसहाशेचा घेतला असता तर हेच सोळा-सतरावर आलं असतं. आपल्या भागात वरचे दीड-दोनशे वॅट कशासाठी, तर यासाठी.

कारण इन्व्हर्टर लाईटवरून बॅटरीवर जायला वेळ घेतो. त्याच्या मागे किंवा पुढे एक स्विच असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. यूपीएसवर असताना तो साधारण दहा-पंधरा मिलिसेकंदांत बदलतो, पण १८० ते २६० च्या बाहेरची लाईट घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो. इकोवर तो शंभर ते २९० पर्यंत काहीही आत सोडतो आणि बदलायला चाळीसपर्यंत घेतो. गेम चालू असताना चाळीसला तुमचा कोणताही एसएमपीएस टिकणार नाही. बऱ्याच घरांत तो स्विच बसवून गेलेल्या माणसानं जिथं ठेवला तिथंच असतो. पीसी रीस्टार्ट होतो म्हणून एसएमपीएस बदलायला आलेल्या कितीतरी लोकांना मी नुसता तो स्विच हलवायला लावून घरी पाठवलंय. धंदा बुडाला, पण चहा मिळाला.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे भिंतीतल्या लाईटसारख्या गोलसर लाटेचाच हवा. जुने चौकोनी लाटेचे आहेत, त्यांच्यावर अॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस कण्हतात, काही तर चालतच नाहीत. आणि ११०० व्हीए म्हणजे ११०० वॅट नव्हेत. आठशे-नऊशेच्या घरात धरा. पीसी-मॉनिटरचे सहाशे, वर पंखे, दिवे, टीव्ही. आईनं मिक्सर लावला की संपलं. १५० एएचच्या एका बॅटरीवर असा खेळ तास-सव्वा तास चालेल, आणि बॅटरीचं आयुष्य रोज थोडं खाल्लं जाईल. लाईट गेली की गेम सेव्ह करून बाहेर पडा. अगदी खेळायचंच असेल तर फ्रेम ६० वर बांधा आणि कार्डाची पॉवर लिमिट ७०-८० टक्क्यांवर आणा. वॅट बरेच उतरतात, खेळात फारसं कळत नाही. सहाशे व्हीएचा छोटा यूपीएस मात्र घेऊ नका. तो जेमतेम ३६० वॅटचा असतो, तुमच्या कार्डापुढं पहिल्याच झटक्याला टूं करून बसेल.

अर्थिंग. कॅबिनेटच्या स्क्रूला उघड्या पायानं उभं राहून हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं का? "थोडा करंट मारतो, पण सगळ्यांच्याच पीसीला असतं की" असं लोक म्हणतात. सगळ्यांना नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरमध्ये दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांनाही डब्याशी जोडतात. भिंतीत अर्थ असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर डबा अर्ध्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, माणूस मरत नाही. पण याच अवस्थेत एचडीएमआयची वायर टीव्हीला खोचायला गेलात, की ठिणगी पोर्टमधून जाते आणि कार्डाचा पोर्ट उडतो. लाखाच्या घरातलं कार्ड, आणि कारण काय, तर बोर्डातली तिसरी वायर कुठंच जोडलेली नव्हती. तिसरी पिन आहे म्हणजे अर्थ आहे असं समजू नका. मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल मोजा, मग फेज-अर्थ. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. हात बसलेला नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या. तुमच्याकडं जांभ्या दगडाची जमीन, पाणी लगेच झिरपून जातं. अर्थिंगचा खड्डा मार्चपर्यंत खडखडीत होतो. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी घालायचं, हे जुने लोक करायचे, आपण विसरलो.

वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही. राउटरची लॅन वायरही काढा.

आता वायरी. मॉड्युलर (वायरी डब्यापासून सुट्या होणारा) एसएमपीएस घेतलात की सोबत पिशवीभर वायरी येतात. जुन्या एसएमपीएसच्या वायरी दिसायला अगदी तशाच असतात, प्लगही बसतो, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर ५ व्होल्ट आणि कुठल्या पिनवर १२, हे कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक वेगळं. शहापूरच्या एका फोटोग्राफरनं नवा एसएमपीएस घरीच बसवला. कॅबिनेट उघडायचा कंटाळा, म्हणून डिस्कच्या जुन्या वायरी तशाच ठेवून फक्त डबा बदलला. बटण दाबलं, एक टिचकीएवढा आवाज, आणि उदबत्तीसारखी धुराची एक रेघ. ५ च्या जागी १२ गेले. दोन हार्ड डिस्क आणि एक एसएसडी. लग्नसराईचे दोन महिने त्यात होते. एका डिस्कचा बोर्ड बदलून डेटा परत मिळाला, दुसरीचा नाही. नवा एसएमपीएस आणला की जुनी प्रत्येक वायर बाहेर, एकही अपवाद नाही.

कार्डाचा १६ पिनांचा प्लग, ज्याला आता १२ व्ही-२ बाय ६ म्हणतात, तो क्लिक होईपर्यंत दाबा आणि टॉर्च लावून बाजूनं बघा. प्लग आणि सॉकेटमध्ये केसाएवढीही फट दिसता कामा नये. २०२२ मध्ये ४०९० चे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या, त्यात अर्धवट बसलेले बरेच होते. नव्या प्लगमध्ये ओळख पटवणाऱ्या बारीक पिना आखूड केल्यात, म्हणजे नीट बसला नाही तर कार्डाला कळावं. तुमच्या ३६० वॅटला तीस अँपियर सहा वायरींत वाटले जातात, प्रत्येकीला पाच. पिनेची ताकद नऊच्या वरची. आरामात आहात. ५०९० वाल्यांचं हेच आठवर जातं, तिथं चुकीला माफी नाही. वायर प्लगपासून तीनेक सेंटीमीटर सरळ येऊ द्या, मग वळवा. त्यासाठी कॅबिनेटची रुंदी आधी मोजा, काच बंद करताना वायर दाबली जाते.

एसएमपीएस खाली बसत असेल तर पंखा खाली तोंड करून, जाळीसकट, आणि कॅबिनेट जमिनीवर नको, स्टूलावर. खानापूरची तांबडी माती बारीक, ती जाळीतूनही जाते. दिवाळीच्या सफाईत ब्लोअर मारा. उद्यमबागेजवळ राहणाऱ्यांनी तर दर दोन महिन्यांनी, तिथल्या धुळीत लोखंडाचा बारीक कीस असतो. आणि मागच्या मोकळ्या पट्ट्या बंद ठेवा. बंद पडलेला एक एसएमपीएस उघडला, तर आत पाल. उबेला आली असणार. शेपटी एका हीटसिंकवर, तोंड दुसऱ्यावर, आणि मधोमध कोळसा. उघडायचं काम मात्र तुम्ही करू नका. प्लग काढल्यावरही त्या कॅपॅसिटरमध्ये साडेतीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात, पाल परवडली.

खरेदी बेळगावात करा की कोल्हापुरात, वॉरंटी कंपनीची असते, हद्दीचा प्रश्न येत नाही. सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर सहाव्या वर्षी पार्सल हुबळी-पुण्याला पाठवायची वेळ आली की दुकानदार ओळख दाखवत नाही. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई दोन पावसाळ्यांत उडते.

व्होल्टमीटरचे आठवड्याचे आकडे, अर्थिंगची तिन्ही मापं आणि इन्व्हर्टरच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवा. रात्रीचं व्होल्टेज २५५ च्या वर दिसलं तर प्रोटेक्टर आधी बसवू, एसएमपीएसची ऑर्डर त्यानंतर.